निर्वाहरकमेची अनियमितता आणि वसुली यंत्रणा : ब्रिटनमधील ‘चाइल्ड सपोर्ट एजन्सी’च्या अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना :

विवाह किंवा सहजीवन संपुष्टात आले तरी अपत्याच्या पालनपोषणाची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व आधुनिक कौटुंबिक कायद्याने सर्वसाधारणपणे मान्य केले आहे. प्रश्न उद्भवतो तो या तत्त्वाच्या अंमलबजावणीत. वेगळे राहणाऱ्या पालकाने अपत्यासाठी किती रक्कम द्यावी हे ठरविणे तुलनेने सोपे असते. ती रक्कम दर आठवड्यास वा दर महिन्यास न चुकता मिळत राहील अशी व्यवस्था करणे मात्र अत्यंत अवघड ठरते. मराठीत ‘पोटगी’ हा शब्द पत्नी व अपत्ये या दोहोंच्या निर्वाहासाठी वापरला जातो. प्रस्तुत लेखात केवळ अपत्याच्या निर्वाहाचा विचार केला असल्याने त्यासाठी ‘निर्वाहरक्कम’ ही संज्ञा योजली आहे.

निर्वाहरक्कम मुळीच न मिळणे आणि ती अनियमितपणे मिळणे या दोन भिन्न अवस्था होत. रक्कम मुळीच मिळत नसेल तर सांभाळ करणारे पालक, म्हणजे बहुतांश प्रकरणांत आई, ती नाही असे धरून घरखर्चाची आखणी करते. रक्कम कधी पूर्ण, कधी अर्धी, कधी दोन महिन्यांनी एकदम अशी येत असेल तर कोणतीच आखणी करता येत नाही. घरभाडे, शाळेचा खर्च आणि किराणा यांच्या तारखा ठरलेल्या असतात. उत्पन्नाची तारीख तेवढी अनिश्चित राहते. वर्षअखेरीस हिशेब पूर्ण जुळला तरी मधल्या काळात झालेली उसनवारी आणि तिचे व्याज भरून निघत नाही. म्हणून अनियमितता हे एक स्वतंत्र नुकसान आहे, असे मानणे आवश्यक ठरते.

ब्रिटनने १९९३ साली ‘चाइल्ड सपोर्ट एजन्सी’ ही शासकीय संस्था स्थापून निर्वाहरकमेची आकारणी व वसुली न्यायालयांकडून काढून प्रशासनाकडे सोपविली. या संस्थेचा आणि तिच्या जागी आलेल्या यंत्रणेचा तीन दशकांचा अनुभव या प्रश्नाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचा आहे. रक्कम किती, ती वसूल कोणी करावयाची, आणि ती वेळेवर न आल्यास मधला भार कोणी सोसावयाचा, असे तीन प्रश्न निर्वाहव्यवस्थेपुढे असतात. ब्रिटनने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वारंवार बदलली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक वेळी एकच राहिले. हे कसे घडले याचे स्पष्टीकरण पुढे केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१९९३ पूर्वी ब्रिटनमध्ये निर्वाहरक्कम न्यायालये ठरवीत असत. रक्कम ठरविण्याचे निश्चित सूत्र नव्हते. सारख्याच परिस्थितीतील दोन कुटुंबांना दोन न्यायालयांतून भिन्न रकमा मिळत. मंजूर रकमा बहुधा अल्प असत, आणि रक्कम थकल्यास आईला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागे. एकल पालक कुटुंबांचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या फायनर समितीचा अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला. शासनाने अशा कुटुंबांना एक हमी असलेला निर्वाहभत्ता द्यावा आणि वडिलांकडील वसुली शासनाने स्वतः पाहावी, अशी समितीची महत्त्वाची शिफारस होती. ती स्वीकारली गेली नाही.

पुढील पंधरा वर्षांत एकल पालकांची संख्या वाढली व त्यांपैकी मोठा वर्ग शासकीय साहाय्यावर अवलंबून राहू लागला. ऑक्टोबर १९९० मध्ये, मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना, शासनाने ‘चिल्ड्रन कम फर्स्ट’ ही श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. केवळ सुमारे ३० टक्के एकल मातांना नियमित निर्वाहरक्कम मिळते, ही बाब तीत नमूद होती. म्हणजे अनियमितता हेच नव्या व्यवस्थेचे एक प्रमुख कारण होते. सार्वजनिक खर्चात बचत करणे हाही हेतू तितकाच प्रबळ होता, आणि या दोन हेतूंमधील ओढाताण पुढे संस्थेच्या कामकाजात सतत जाणवत राहिली.

१९९१ चा कायदा व हक्काचे हस्तांतर :

‘चाइल्ड सपोर्ट ॲक्ट’ १९९१ साली संमत झाला आणि ५ एप्रिल १९९३ पासून संस्थेचे कामकाज सुरू झाले. या कायद्याची तीन वैशिष्ट्ये येथे लक्षात घ्यावयास हवीत.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे गणिती सूत्र. न्यायाधीशाच्या विवेकाऐवजी ठरावीक सूत्रानुसार रक्कम निश्चित होऊ लागली. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे न्यायालयांच्या अधिकारावरील मर्यादा. कायद्याच्या आठव्या कलमान्वये, ज्या प्रकरणांत संस्थेला आकारणीचा अधिकार आहे त्यांत न्यायालयाला सामान्यतः निर्वाहाचा आदेश देता येत नाही. संमतीने केलेले आदेश, शाळेचे शुल्क, अपत्याच्या अपंगत्वामुळे येणारा खर्च आणि फार मोठ्या उत्पन्नाची प्रकरणे असे मोजकेच अपवाद ठेवले गेले. तिसरे वैशिष्ट्य असे की आकारलेली रक्कम वसूल करण्याचा अधिकार केवळ शासनाकडे राहिला. ज्या आईला ती रक्कम मिळावयाची, तिला स्वतः थकबाकीसाठी दावा लावता येईना.

शासकीय साहाय्य घेणाऱ्या मातांवर या कायद्याच्या सहाव्या कलमाने आणखी एक बंधन घातले. त्यांना संस्थेकडे अर्ज करणे जवळजवळ सक्तीचे होते. सबळ कारणाशिवाय नकार दिल्यास साहाय्यात कपात होई. शिवाय ‘इन्कम सपोर्ट’ हे साहाय्य घेणाऱ्या आईच्या बाबतीत आलेली निर्वाहरक्कम तिच्या साहाय्यातून वजा केली जात असे. परिणामी वडिलांनी दिलेला पैसा घरापर्यंत न पोहोचता शासकीय तिजोरीत जाई. वडिलांना देण्याची प्रेरणा राहिली नाही आणि आईला मागण्याची. साहाय्याच्या गणनेत निर्वाहरकमेकडे पूर्णपणे दुर्लक्ष करण्याचे धोरण एप्रिल २०१० मध्ये लागू झाले. सक्तीच्या अर्जाची तरतूद २००८ साली रद्द झाली.

मूळ कायद्यात वेगळे राहणाऱ्या पालकास ‘अनुपस्थित पालक’ असे म्हटले होते. मुलांना नियमित भेटणाऱ्या अनेक वडिलांना ही संज्ञा अपमानास्पद वाटली. २००० च्या दुरुस्तीने तिच्या जागी ‘सोबत न राहणारे पालक’ अशा अर्थाची संज्ञा आली.

सूत्र, संगणक आणि थकबाकी :

१९९३ चे सूत्र न्याय्य असावे म्हणून ते इतके तपशीलवार करण्यात आले की एका आकारणीसाठी शंभराहून अधिक बाबींची माहिती गोळा करावी लागे. गृहकर्ज, नव्या कुटुंबाचा खर्च, दोन्ही पालकांचे उत्पन्न यांपैकी एखादी बाब बदलली की आकारणी पुन्हा करावी लागे. वडील माहिती देत नसत, मालक उत्तरे देत नसत, आणि आकारणी पूर्ण होईपर्यंत काही महिन्यांची थकबाकी आधीच साचलेली असे. पहिल्या मुख्याधिकारी रॉस हेपलव्हाइट यांनी १९९४ मध्ये पदत्याग केला. १९९५ च्या कायद्याने अपवादात्मक परिस्थितीत सूत्रापासून फारकत घेण्याची मुभा दिली.

यानंतरची मोठी सुधारणा २००० च्या कायद्याने झाली व ती ३ मार्च २००३ पासून अमलात आली. सूत्र अगदी सोपे करण्यात आले. निव्वळ उत्पन्नाच्या एका अपत्यासाठी १५ टक्के, दोन अपत्यांसाठी २० टक्के व तीन किंवा अधिक अपत्यांसाठी २५ टक्के असे दर ठरले. परंतु नवे सूत्र केवळ नव्या प्रकरणांना लागू झाले. जुनी प्रकरणे जुन्या सूत्रावरच राहिली आणि एकाच संस्थेत दोन सूत्रे व दोन संगणकप्रणाल्या एकाच वेळी चालू लागल्या. ‘ईडीएस’ या कंपनीने पुरविलेली नवी संगणकप्रणाली सदोष निघाली. अनेक प्रकरणे त्या प्रणालीत अडकून पडत व कर्मचाऱ्यांना ती हाताने पुढे न्यावी लागत.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ साली या सुधारणांचा अहवाल सादर केला. सुधारणांवर ५३९ दशलक्ष पौंड खर्च झाला होता. एक पौंड निर्वाहरक्कम मिळवून देण्यासाठी संस्थेला सुमारे ७० पेन्स खर्च येत होता. साचलेली थकबाकी साडेतीन अब्ज पौंडांच्या घरात गेली होती व तिचा मोठा भाग वसूल होण्याजोगा नाही, असे संस्थेचेच मत होते. त्याच वर्षी सर डेव्हिड हेन्शॉ यांनी केलेल्या पुनर्विलोकनात संस्था बंद करून नवी व्यवस्था उभारावी अशी शिफारस करण्यात आली.

थकबाकीचा हा आकडा पाहताना एक गोष्ट विसरली जाते. थकबाकी ही लेखापुस्तकातील नोंद असते. ती ज्या काळात साचली त्या काळात मूल वाढत असते. पाचव्या वर्षी न मिळालेली रक्कम पंधराव्या वर्षी मिळाली तर हिशेब मिटतो, परंतु ज्या गरजेसाठी ती होती ती गरज मागे पडलेली असते.

न्यायालयांची भूमिका :

संस्था वसुली करीत नसेल तर आईने काय करावे, हा प्रश्न २००५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. चार अपत्यांच्या एका आईने १९९३ मध्येच संस्थेकडे अर्ज केला होता. वडिलांकडून रक्कम वर्षानुवर्षे अनियमितपणे येत राहिली व थकबाकी वाढत गेली. स्वतः न्यायालयात जाऊन वसुली करण्याची मुभा नसणे हे मानवी हक्कविषयक युरोपीय कराराच्या सहाव्या अनुच्छेदाशी, म्हणजे न्यायालयीन दाद मागण्याच्या हक्काशी, विसंगत आहे, असे तिचे म्हणणे होते. १४ जुलै २००५ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तिचे अपील फेटाळण्यात आले. १९९१ च्या कायद्याने आईला वसुलीचा हक्कच दिलेला नाही. नसलेल्या हक्कासाठी न्यायालयाचे दार बंद झाले असे म्हणता येत नाही, असा बहुमताचा युक्तिवाद होता. संस्थेच्या निष्क्रियतेविरुद्ध न्यायिक पुनर्विलोकनाचा मार्ग मोकळा आहे, असेही सांगण्यात आले.

बॅरोनेस हेल यांनी भिन्नमत नोंदविले. आईवडिलांकडून पालनपोषण मिळण्याचा अपत्याचा हक्क या कायद्याच्या आधीपासूनचा आहे. कायद्याने त्या हक्काच्या अंमलबजावणीची पद्धत बदलली, हक्क नष्ट केला नाही, अशी त्यांच्या विवेचनाची दिशा होती. प्रकरण आई आणि संस्था यांच्यातील वादाचे म्हणून मांडले गेले असले तरी वस्तुतः ते अपत्यांच्या हक्काचे आहे, हे त्यांनी निदर्शनास आणले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जून २००८ मध्ये याच प्रकरणात कराराचा भंग झाला नसल्याचा निर्णय दिला.

दरम्यान २००७ साली दुसऱ्या एका प्रकरणात अपील न्यायालयाने असे ठरविले की संस्थेच्या हलगर्जीमुळे नुकसान झाले तरी नुकसानभरपाईचा दावा करता येणार नाही, कारण संस्थेवर त्या अर्थाने काळजी घेण्याचे कर्तव्यच नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता चित्र स्पष्ट होते. आई वडिलांवर वसुलीचा दावा लावू शकत नाही, आणि वसुली न करणाऱ्या संस्थेवर हलगर्जीचा दावाही लावू शकत नाही. न्यायिक पुनर्विलोकन हा उरलेला मार्ग खर्चिक असून, साप्ताहिक खर्चाची तोंडमिळवणी करणाऱ्या व्यक्तीला तो क्वचितच परवडतो.

नवी यंत्रणा व तिची आकारणी :

२००८ च्या कायद्यान्वये एक स्वतंत्र आयोग स्थापन झाला. २०१२ मध्ये तो बरखास्त होऊन काम पुन्हा ‘कार्य व निवृत्तिवेतन’ खात्याकडे आले. डिसेंबर २०१२ पासून ‘चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस’ ही नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. जुनी प्रकरणे पुढील काही वर्षांत बंद करण्यात आली. जुन्या योजनांतील थकबाकीचा मोठा भाग २०१८ च्या नियमांनंतर माफ करण्यात आला. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक थकबाकी असलेल्या पालकांना, वसुली हवी आहे काय अशी पत्राने विचारणा झाली. उत्तर न आल्यास रक्कम माफ होई.

नव्या यंत्रणेत आकारणी एकूण साप्ताहिक उत्पन्नावर होते व उत्पन्नाची माहिती थेट करखात्याकडून घेतली जाते. आठवड्यास २०० ते ८०० पौंड उत्पन्नावर एका अपत्यासाठी १२, दोन अपत्यांसाठी १६ आणि तीन वा अधिक अपत्यांसाठी १९ टक्के असे दर आहेत. ८०० पौंडांवरील उत्पन्नास कमी दर लागतात आणि ३,००० पौंडांपलीकडील उत्पन्न विचारात घेतले जात नाही. मूल वर्षातून किमान ५२ रात्री देणाऱ्या पालकाकडे राहत असेल तर एक सप्तमांश कपात होते. रात्री वाढतील तशी कपात वाढते.

उदाहरणार्थ, वडिलांचे साप्ताहिक उत्पन्न ५०० पौंड व अपत्ये दोन असतील तर निर्वाहरक्कम ८० पौंड येते. ही रक्कम देण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘डायरेक्ट पे’ या पद्धतीत वडील आईच्या खात्यात थेट पैसे भरतात. यंत्रणा केवळ आकडा ठरवून देते. ‘कलेक्ट अँड पे’ या पद्धतीत यंत्रणा वसुली करून रक्कम पुढे पाठविते. २०१४ पासून दुसऱ्या पद्धतीसाठी देणाऱ्या पालकावर २० टक्के अधिभार आणि घेणाऱ्या पालकाच्या रकमेतून ४ टक्के कपात आकारली जाऊ लागली. वरील उदाहरणात वडिलांना ९६ पौंड भरावे लागतात व आईच्या हाती ७६.८० पौंड येतात. अर्ज करण्यासाठी घेतले जाणारे २० पौंडांचे शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द झाले.

पालकांनी आपसांत मिटवावे या हेतूने हे शुल्क आकारण्यात आले. परंतु वडील नियमित देत नाहीत म्हणून वसुलीचा आश्रय घ्यावा लागलेल्या आईलाही चार टक्के मोजावे लागतात. दुसऱ्याच्या अनियमिततेचा दंड तिच्यावर पडतो, असेच याचे वर्णन करावे लागेल.

अनियमित भरणा आणि उपलब्ध उपाय :

प्रत्यक्ष व्यवहारात अनियमित देणाऱ्या पालकाचे वर्तन एका ठरावीक चक्रात फिरताना दिसते. थेट भरण्याच्या पद्धतीत एखादा हप्ता चुकतो. आई यंत्रणेला कळविते. यंत्रणा वडिलांना विचारणा करते. त्यांनी पुन्हा भरणा सुरू केला की प्रकरण शांत होते व काही काळाने पुन्हा हप्ता चुकतो. देणारा पालक भरणा करील असे वाटत नाही, अशी यंत्रणेची खात्री झाल्याशिवाय किंवा त्याच्या संमतीशिवाय प्रकरण वसुलीच्या पद्धतीत जात नाही. या टप्प्यावर हप्ता चुकला हे शोधण्याचे, त्याचा पुरावा ठेवण्याचे व पाठपुरावा करण्याचे सर्व काम आईकडे असते. त्यामुळे प्रत्येक हप्त्याची तारीख व रक्कम यांची नोंद, बँकेचे उतारे, यंत्रणेशी झालेल्या प्रत्येक संभाषणाचा दिनांक आणि लेखी पत्रव्यवहार यांना फार महत्त्व येते. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही. तारखेनिशी दिलेल्या पत्राचा राहतो.

वसुलीचे अधिकार कागदावर व्यापक आहेत. वेतनातून थेट कपात करण्याचा आदेश मालकास देता येतो. मात्र निव्वळ वेतनाचा ६० टक्के भाग सुरक्षित ठेवावा लागतो. बँक खात्यातून रक्कम वळती करता येते. दायित्वाचा आदेश मिळवून मालमत्तेची जप्ती करता येते किंवा घरावर बोजा चढविता येतो. अखेरचा उपाय म्हणून न्यायालय वाहन चालविण्याचा परवाना किंवा पारपत्र काढून घेऊ शकते अथवा सहा आठवड्यांपर्यंत कारावास देऊ शकते. यांपैकी वेतनकपात हाच उपाय प्रत्यक्षात नियमितता आणतो, कारण त्यात देणाऱ्याच्या इच्छेचा प्रश्न उरत नाही. परंतु देणारा स्वयंरोजगारी असेल, वारंवार नोकरी बदलत असेल किंवा स्वतःच्या कंपनीतून अल्प वेतन व मोठा लाभांश घेत असेल, तर हा उपाय निष्प्रभ ठरतो. लाभांशासारखे उत्पन्न आपोआप आकारणीत येत नाही. आईने स्वतंत्र अर्ज केल्यासच त्याचा विचार होतो. नोकरदार पालकाचे उत्पन्न बदलले तरी तो बदल किमान २५ टक्के असल्याशिवाय वार्षिक फेरआकारणीपूर्वी रक्कम बदलत नाही.

दाद मागण्याच्या मार्गांत एक मूलभूत भेद आहे. आकारणीचा आकडा चुकीचा वाटल्यास ३० दिवसांत फेरविचाराची मागणी करता येते व त्यानंतर न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. वसुली होत नसल्यास मात्र न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. तेथे केवळ तक्रारीचा मार्ग आहे. प्रथम यंत्रणेकडे, मग १९९७ साली निर्माण झालेल्या स्वतंत्र प्रकरण परीक्षकाकडे, व शेवटी संसद सदस्यामार्फत संसदीय लोकपालाकडे तक्रार नेता येते. या मार्गाने दिलगिरी व अल्प भरपाई मिळू शकते; चुकलेला हप्ता मिळेलच असे नाही. अर्जदाराने पत्र लिहितानाच आपली तक्रार आकारणीविषयी आहे की वसुलीविषयी आहे हे स्पष्ट न केल्यास अपिलाची मुदत निघून जाण्याचा धोका संभवतो.

राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या अहवालात, आहे त्याच गतीने थकबाकी वाढत राहिली तर ती मार्च २०३१ पर्यंत एक अब्ज पौंडांवर जाईल असा इशारा दिला. २०२३ च्या एका कायद्याने दायित्वाचा आदेश न्यायालयाऐवजी प्रशासनानेच काढण्याची तरतूद केली. जून २०२५ मध्ये थेट भरण्याची पद्धत बंद करून सर्व रकमा यंत्रणेमार्फतच नेण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. चुकलेला हप्ता शोधण्याचे काम आईकडून यंत्रणेकडे जाणे हा या निर्णयाचा खरा आशय होय.

देशाबाहेरील पालक व भारतीय संदर्भ :

या यंत्रणेचा अधिकार ब्रिटनपुरता मर्यादित आहे. १९९१ च्या कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार आई, वडील व अपत्य हे तिघेही सामान्यतः ब्रिटनचे रहिवासी असावे लागतात. शासकीय सेवेत, सैन्यात किंवा ब्रिटिश कंपनीच्या नोकरीत राहून परदेशी गेलेल्यांचा अपवाद आहे. त्यामुळे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील वडील कायमचे पुण्याला किंवा मुंबईला परतले, तर यंत्रणेचा अधिकार संपतो आणि आईला न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो.

भारतात अशी स्वतंत्र शासकीय वसुली संस्था नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम यांनुसार आई स्वतः न्यायदंडाधिकाऱ्याकडे किंवा कुटुंब न्यायालयाकडे जाऊ शकते. रक्कम थकल्यास वसुलीसाठी अर्ज करण्याचा हक्क तिचाच असतो. मात्र तो रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ४ नोव्हेंबर २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि निर्वाहरक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे निर्देश दिले. ब्रिटनमधील आईकडून जो हक्क काढून घेण्यात आला तो भारतातील आईकडे आहे. परंतु तो बजावण्याचे संपूर्ण ओझेही तिच्याकडेच आहे. प्रत्येक थकलेल्या कालावधीसाठी नवा अर्ज, नवी तारीख आणि बुडालेला रोज अशी त्याची किंमत असते.

आगाऊ निर्वाहाचा पर्याय :

मधला भार कोणी सोसावा या प्रश्नाचे निराळे उत्तर काही युरोपीय देशांनी दिले आहे. स्वीडनने १९३७ च्या कायद्याने निर्वाहरकमेची आगाऊ देणगी सुरू केली. वडिलांकडून रक्कम आली नाही तर शासन ठरावीक रक्कम आईला देते व नंतर ती वडिलांकडून वसूल करते. जर्मनीतही १९८० पासून अशी व्यवस्था असून २०१७ मध्ये तिचा लाभ अठराव्या वर्षापर्यंत वाढविण्यात आला. या पद्धतीत वडिलांकडून झालेला विलंब हा शासन व वडील यांच्यातील व्यवहार ठरतो. तो स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. फायनर समितीने १९७४ मध्ये सुचविलेला हमीचा भत्ता याच विचाराशी जवळीक दाखवितो.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. शासनावर आर्थिक भार पडतो, वसुली अपुरी राहते आणि आगाऊ दिली जाणारी रक्कम ठरावीकच असल्याने ती वडिलांच्या ऐपतीशी जुळत नाही. तथापि वसुली अपुरी राहण्याचा धोका ब्रिटिश पद्धतीतही होताच. फरक इतकाच की तेथे तो तोटा अपत्याच्या वाट्यास आला.

निष्कर्ष :

१. निर्वाहरकमेची अनियमितता ही थकबाकीची सौम्य अवस्था नसून स्वतंत्र नुकसान आहे. थकबाकीच्या एकूण आकड्यात ते दिसत नाही. म्हणून यंत्रणेचे मूल्यमापन करताना वेळेवर मिळालेल्या हप्त्यांचे प्रमाण पाहणे आवश्यक आहे.

२. ब्रिटनमध्ये सूत्र दोनदा बदलले, संस्थेचे नाव व रचना बदलली. परंतु विलंबाचा भार सांभाळ करणाऱ्या पालकावरच राहिला. सूत्र सोपे केल्याने वसुली आपोआप सोपी होत नाही.

३. वसुलीचा हक्क व्यक्तीकडून काढून शासनाकडे देताना शासनावर तितकेच बंधनकारक कर्तव्य टाकणे आवश्यक होते. २००५ व २००७ च्या निर्णयांनी ते कर्तव्य कायद्यात नसल्याचे दाखवून दिले.

४. आकारणीविरुद्ध अपील आणि वसुलीविषयी केवळ तक्रार, हा भेद अर्जदाराच्या दृष्टीने अन्यायकारक ठरतो.

५. भारतात वसुली संस्थेचा विचार पुढे आल्यास आईचा स्वतःचा न्यायालयीन हक्क कायम ठेवून संस्थेचे साहाय्य त्यास पूरक म्हणून द्यावे, आणि आगाऊ निर्वाहाची तरतूद किमान अल्प प्रमाणात तरी करावी, असा बोध या अनुभवातून घेता येतो.